प्रश्न वाचकांचे: टेलिहँडलरचा लाल दिवा लागला, आता बूम खाली घ्यायचा की आत?

कापसाचा हंगाम लागला की जिनिंगच्या आवारात, आणि पाऊस उघडला की सोलर, गोदाम, पुलाच्या साइटींवर टेलिहँडलर फिरू लागतात. पुढे लांबणारा बूम आणि टोकाला फोर्क किंवा क्लॅम्प असलेलं हे यंत्र फोर्कलिफ्टसारखं दिसतं, पण उलटतं क्रेनसारखं. बहुतेक पत्रांतल्या अडचणींचं मूळ इथेच आहे. त्यांतली पाच पत्रं या अंकात घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या जिनिंगमध्ये भाड्याचा टेलिहँडलर आहे. प्लेटवर ३ टन लिहिलं आहे. ट्रकच्या पलीकडच्या बाजूला गाठी ठेवताना चार गाठींतच लाल दिवा लागतो, बजर वाजतो आणि बूम अडतो. चार गाठी म्हणजे ७०० किलोसुद्धा नाही. ऑपरेटर म्हणतो सेन्सर खराब आहे, वायर काढून टाकतो. काढू द्यावी का? (हिंगणघाट, जि. वर्धा)

वायरीला हात लावू देऊ नका. सेन्सर बहुधा खरंच सांगतो आहे.

प्लेटवरचे ३ टन हे बूम पूर्ण आत असतानाचे आहेत. तेही भाराचा मध्य फोर्कच्या उभ्या भागापासून ठरलेल्या अंतरावर असेल तरच. हे अंतर बहुतेक यंत्रांत ५०० मिमी, काहींत ६०० असतं. बूम लांबवत गेलं की आकडा झपाट्याने उतरतो. या वर्गातल्या बऱ्याच यंत्रांत पूर्ण पुढच्या पोचेवर टनभराच्या आसपासच क्षमता उरते. आता तुमचा हिशोब मांडा. १७० किलोच्या चार गाठी म्हणजे ६८० किलो. गाठींचा क्लॅम्प समजा ४५० किलोचा, तो यंत्राच्या दृष्टीने भारच. झाले ११३० किलो. शिवाय क्लॅम्पमुळे गाठी फोर्कपेक्षा पुढे सरकतात, ते वेगळंच. म्हणून केबिनमधला फोर्कचा लोड चार्ट क्लॅम्पला चालत नाही, त्या जोडणीचा स्वतंत्र चार्ट लागतो. भाड्याने देणाऱ्याकडून तो मागून घ्या. नसेल तर क्लॅम्प उतरवून ठेवा.

चार्ट वाचणं अवघड नाही. बूमच्या अंगावर आकडे किंवा अक्षरं रंगवलेली असतात, त्यावरून बूम किती बाहेर आला ते कळतं. केबिनजवळच्या कोनमापकावर कोन दिसतो. हे दोन्ही चार्टवर जुळवले की ज्या घरात बिंदू पडतो त्या घराचा आकडा तुमचा. बिंदू दोन घरांच्या रेषेवर आला तर कमी आकडा धरायचा.

लाल दिवा लागल्यावर बरेच ऑपरेटर घाबरून बूम खाली सोडतात. नेमकी हीच चूक यंत्र उलटवते. ७ मीटर लांबवलेला बूम ६० अंशांवर असताना त्याचं टोक खुंटीपासून (बूम मागे ज्या पिनवर वर-खाली फिरतो तिथून) आडवं ३.५ मीटर पुढे असतं. तोच बूम ३० अंशांवर उतरवला की टोक ६ मीटरवर जातं. वजन तेवढंच राहिलं, पण पोच अडीच मीटर वाढली. त्यात खाली येता येता झटक्याने थांबवला तर भार क्षणभर आणखी जड होतो. म्हणून आधी बूम आत घ्या, तोही सावकाश, आणि मगच खाली. ट्रकची पलीकडची बाजू भरायची असेल तर बूम ताणण्यापेक्षा ट्रकला वळसा घालून पलीकडून भरा. दोन मिनिटं जास्त जातात, बाकी काही नाही.

सेन्सरची शंका उरतच असेल तर सपाट जागेवर रिकाम्या फोर्कने, बूम पूर्ण आत घेऊन पाहा. तरीही लाल असेल तर मेकॅनिक बोलवा. आणखी एक गोष्ट मालकांना सहसा कोणी सांगत नाही. हा सेन्सर बहुतेक यंत्रांत मागच्या एक्सलवरचा भार किती हलका झाला ते मोजतो. म्हणजे पुढे उलटण्याचा धोका त्याला कळतो, बाजूला कलंडण्याचा कळत नाही. दिवा हिरवा असतानाही यंत्र आडवं होऊ शकतं.

प्रश्न : वावरात सोलर प्रकल्पाचं काम आहे. पाऊस होऊन आठवडा झाला, वरून जमीन कोरडी वाटते. पुढचे जॅक (टेकूचे पाय) टाकून पॅलेट उचलले तर चालेल ना? (दारव्हा, जि. यवतमाळ)

नुसते जॅक टाकून नाही. काळ्या मातीची वरची चार बोटं वाळतात, भेगाही पडतात, पण खाली लोणी असतं. १२ मिमीची सळई हाताच्या जोराने टोचून पाहा. फूटभर सहज गेली तर ती जागा सोडा.

हिशोब असा. यंत्र ८ टन, भार दीड टन. बूम पुढे गेला की यातला बहुतेक भार पुढच्या दोन जॅकवर येतो, म्हणजे एकेका जॅकवर ४ टन धरा. जॅकचा तळवा ३० बाय ३० सेंमी असेल तर त्याखाली दर चौरस मीटरला ४४ टन दाब पडतो. भिजलेली मऊ माती पाच-दहा टनांच्या पुढे तग धरत नाही. तोच जॅक १ मीटर बाय १ मीटरच्या जाड पाटावर टेकवला तर दाब ४ टनांवर येतो. पाट लाकडी स्लीपर घट्ट जोडून केलेला किंवा जाड पोलादी प्लेटचा असावा. प्लायवुडचा तुकडा मधोमध मोडतो आणि दाब होता तिथेच राहतो.

पातळी आधी, उचल नंतर. ९ मीटर उंचीवर असलेला भार ३ अंशांच्या कलाने जवळपास ४७ सेंमी बाजूला सरकतो. सोलरच्या पॅलेटवर तीसेक पॅनल उभे असतात आणि एकेक ३० किलोच्या आसपास, म्हणजे ९००-१००० किलोचा उंच, अरुंद भार. फ्रेम सरळ करायची सोय असेल तर ती बूम खाली आणि आत असतानाच वापरा. भार वर नेल्यावर फ्रेम हलवली तर यंत्र त्याच बाजूला जाऊ शकतं.

सोलरच्या साइटवर सगळ्यात फसवी जागा म्हणजे केबलची बुजवलेली नाली. वरून दिसत नाही आणि चाक तिथेच बसतं. बुजवल्या दिवशीच दोन्ही कडांना चुन्याच्या रेघा मारून ठेवा. उघड्या नालीपासून निदान तिच्या खोलीइतकं लांब राहा, ओल असेल तर दुप्पट.

भार घेऊन चालताना बूम पूर्ण आत, फोर्क जमिनीपासून वीतभर-दीड वीत वर आणि किंचित मागे कललेले. चढताना भार पुढे, उतरताना रिव्हर्स, म्हणजे भार नेहमी चढाच्या बाजूला. रिकामं असेल तर याच्या उलट. सीट बेल्ट लावलेलाच हवा. यंत्र कलंडू लागलं की उडी मारावीशी वाटते आणि उडी मारणारा केबिनखाली सापडतो. स्टिअरिंग घट्ट धरा, पाय रोवा, यंत्र पडतंय त्याच्या उलट बाजूला अंग टाका.

प्रश्न : मी ऑपरेटर आहे. मालक म्हणतात डिझेल-पाणी पाहिलं की झालं. सकाळी खरंच काय काय पाहायला पाहिजे? (अकोट, जि. अकोला)

पंधरा-वीस मिनिटं द्या, भाऊ. यंत्र सुरू करण्याआधी त्याभोवती एक पूर्ण फेरी मारा, रोज एकाच दिशेने. म्हणजे काही सुटत नाही.

आधी यंत्राखालची जमीन पाहा. रात्री गळलेलं तेल तिथे दिसतं. होस पाईपची गळती हाताने चाचपू नका. सुईएवढ्या भोकातून दाबाने येणारं तेल कातडी फोडून आत शिरतं. वरून टाचणी टोचल्याएवढंच दिसतं, पण अशा माणसाला त्याच तासात शस्त्रक्रिया होणाऱ्या दवाखान्यात न्यावं लागतं. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा, त्यावर तेल उमटतं. हायड्रॉलिक तेलाची पातळी बूम आत आणि खाली घेऊन, सपाट जागेवर, इंजिन बंद ठेवून पाहायची. बूम बाहेर असताना पाहिली तर तेल कमी दिसतं, माणूस वर ओततो आणि बूम आत घेतला की टाकीतून उतू जातं.

टायरमधली हवा थंड असताना मोजा. एका टायरमध्ये कमी असली तरी फ्रेम कलते आणि वर उंचीवर तो कल वाढून दिसतो. फोम किंवा पाणी भरलेले टायर असतील तर त्यांच्या जागी नुसत्या हवेचे बसवू नका, ते वजन यंत्राच्या तोलात धरलेलं असतं. चाकाच्या नटाभोवती गंजाची लाल रेघ दिसली तर नट ढिला आहे असं समजा.

फोर्कची झीज वाकणाजवळ होते. उभ्या भागाची जाडी कॅलिपरने मोजा, तो भाग घासत नाही. मग वाकणाजवळ आडव्या पात्याची मोजा. उभा ५० मिमी आणि वाकणाजवळ ४५ भरला तर १० टक्के झीज झाली, फोर्क बाद. एवढ्याशा झिजेने ताकद जवळपास २० टक्के उतरते, कारण वाकण्याचा जोर जाडीच्या वर्गावर अवलंबून असतो. दोन्ही टोकांच्या उंचीत पात्याच्या लांबीच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको, १२०० मिमीच्या फोर्कला ३६ मिमी. वाकणात बारीक चीर दिसली तर वेल्डिंग करून घेऊ नका. तापवलेल्या फोर्कचं पाणी (कडकपणा) उतरतं आणि तो पुढच्या जड भाराला शेजारून तुटतो.

क्विक हिचची, म्हणजे अटॅचमेंट बूमला अडकवणाऱ्या जोडाची, पिन दोन्ही बाजूंनी पूर्ण आरपार गेली आहे का, हे खाली उतरून डोळ्यांनी पाहा. केबिनमधून बसल्यासारखी दिसते आणि वर गेल्यावर अटॅचमेंट निसटते. बूम रिकामा पूर्ण बाहेर-आत करा. थरथरत, अडखळत आला तर आतल्या वेअर पॅडना (बूमचे भाग ज्यांवर सरकतात त्या पट्ट्यांना) ग्रीस नाही किंवा ते झिजले आहेत. साखळीने लांबणारा बूम असेल तर साखळी सैल लोंबते का पाहा. साखळी साधारण ३ टक्के लांबली की बदलायची, मॅन्युअल कमी सांगत असेल तर तेवढ्यावरच. मग हॉर्न, रिव्हर्स बजर, ब्रेक, हँडब्रेक. स्टिअरिंगचा प्रकार (पुढची दोन चाकं, चारही चाकं किंवा खेकड्यासारखं तिरकं) बदलण्याआधी चारही चाकं सरळ करा, नाही तर यंत्र तिरकं चालू लागतं.

जिनिंगमध्ये असाल तर रेडिएटर आणि एक्झॉस्टवरची रुई ही वेगळी डोकेदुखी. रुईचा थर बसला की इंजिन तापतं, आणि तापलेल्या सायलेन्सरवर तीच रुई पेट घेते. पाळीत दोन-तीनदा, गंजीपासून लांब, इंजिन थंड झाल्यावर हवा मारून काढा. हवा इंजिनच्या बाजूने बाहेर मारा, बाहेरून आत मारली तर रुई जाळीत आणखी घट्ट बसते. सायलेन्सरला स्पार्क अरेस्टर (ठिणग्या अडवणारी जाळी) आणि केबिनमध्ये भरलेलं अग्निशामक हवंच.

आणि उजवी बाजू. केबिन डावीकडे असते, बूम तुमची उजवीकडची नजर अडवतो. सरकी-रुई वेचणाऱ्या बाया नेमक्या त्या बाजूला वाकलेल्या असतात. उजवीकडे वळताना एकच ठरलेला हेल्पर इशारा देईल. तो दिसेनासा झाला की थांबायचं.

प्रश्न : शेडचे पत्रे लावायला माणसाला पॅलेटवर उभं करून वर नेलं तर? सेफ्टी बेल्ट देऊ. (साकोली, जि. भंडारा)

नाही. बेल्ट बांधणार कशाला? त्याच पॅलेटला ना! यंत्र बनवणाऱ्याने मान्य केलेली, बूमला पिनने बसणारी, कठडा असलेली मॅन बास्केट असेल तरच. तीही त्या मॉडेलला चालते असं चार्टवर लिहिलेलं हवं आणि माणूस वर असेपर्यंत ऑपरेटरने केबिन सोडायची नाही. नसेल तर मचाण बांधा.

प्रश्न : कोल्ड स्टोरेजच्या साइटवरून ११ केव्हीची लाईन जाते. किती लांब राहायचं? आणि चुकून लागलाच तर? (वरुड, जि. अमरावती)

मोकळ्या वावरात ११ केव्हीच्या उघड्या तारांना नियमाने जमिनीपासून किमान ४.६ मीटर उंची लागते, रस्ता ओलांडताना ६.१ मीटर. लहान टेलिहँडलरही याच्या वर सहज जातो. उन्हाळ्यात तारा तापून आणखी लोंबतात. बूम, भार, दोरी, यांतला कुठलाही भाग तारेपासून ३ मीटरच्या आत येता कामा नये. तार नुसती जवळ आली तरी ठिणगी उडी घेते, लागायलाच पाहिजे असं नाही. ऑपरेटरला वर बघून अंतर कळत नाही, म्हणून तारेच्या खालून दोन्ही बाजूंना ६ मीटरवर दोरी बांधून बावटे लावा आणि आत यंत्र नेऊ नका. जायचंच असेल तर महावितरणकडे लेखी अर्ज करून लाईन बंद आणि अर्थिंग करून घ्या. वायरमनला फोन करून ‘बंद कर रे’ म्हणणं पुरेसं नाही.

लागलाच तर केबिनमध्येच बसा आणि बूम तारेपासून सोडवता आला तर सोडवा. बाकीच्यांना निदान १० मीटर लांब पिटाळा. तारेची ठिणगी थांबली म्हणजे वीज गेली असं नाही. फीडर (त्या लाईनला वीज देणारी वाहिनी) ट्रिप झाला तरी सबस्टेशनमधून पुन्हा चालू करून पाहतात आणि यंत्र पुन्हा जिवंत होतं. महावितरणने बंद केल्याचं सांगेपर्यंत कोणी जवळ जायचं नाही. यंत्राला आग लागली तरच बाहेर पडा. तेव्हा यंत्र आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श न करता दोन्ही पाय जोडून उडी मारा आणि पाय जोडूनच छोट्या उड्या मारत दूर जा. पाऊल टाकून चाललात तर दोन पायांतल्या जमिनीत विजेचा फरक असतो, तो अंगातून जातो.

भाड्याने यंत्र घेणाऱ्या तुम्हा सर्वांना एक जोड. उचल-यंत्राची बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी ही अट १९४८ च्या कारखाने कायद्यातल्या कलम २९ पासून चालत आली आहे. कागद मागताना नुसती तारीख पाहू नका. त्यावरचा सिरीयल नंबर यंत्राच्या चेसिस प्लेटशी जुळतो का आणि तुम्ही वापरणार ती अटॅचमेंट त्यात लिहिली आहे का, ते यंत्र ट्रेलरवरून उतरवण्याआधी पाहा.