डब-डाऊनटेम्पो म्युझिक इतकं रिकामं का वाटतं? ट्रॅक अर्धवट सोडलेले असतात का?

अर्धवट नसतात हो. डब म्हणजे तयार गाण्यातून बरंच काही काढून, उरलेल्यावर पडसाद सोडून केलेलं मिक्स, आणि डाऊनटेम्पो म्हणजे संथ चालीचं इलेक्ट्रॉनिक संगीत. हा प्रश्न मी वर्षानुवर्षं एका मित्राच्या तोंडून ऐकलाय म्हणून लिहायला बसलो. आम्ही दोघं मिळून ट्रॅक बनवायचो. मी 80 बीपीएमला (मिनिटाला 80 ठोके) नुसता बास आणि ड्रम लावून ठेवला की हा पठ्ठ्या मागून पॅड (मागे पसरून राहणारे लांब सूर), स्ट्रिंग्ज, वरून गिटार कोंबत सुटायचा. मी म्यूट करायचो, तो अनम्यूट.

एकदा तर मी स्नेअरचा (कडक वाजणाऱ्या ड्रमचा) एकच ठोका उचलून डिलेला, म्हणजे आवाज थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा ऐकवणाऱ्या इफेक्टला पाठवला, पाऊण मात्रेचा, म्हणजे साधारण 560 मिलिसेकंद, त्यामुळे त्याचे पडसाद ठोक्यावर न पडता मधल्या फटीत पडत होते, फीडबॅक (पडसाद किती वेळा परतणार ते) चांगला वर, आत वरचे सूर कापणारा फिल्टर, सो प्रत्येक परतीला आवाजाची धार थोडी बोथट होत चाललेली, आणि नेमका तेव्हाच मी ड्रमचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) खाली ओढला. उरला फक्त बास आणि विरत जाणारा तो ठोका. ड्रम परत आला तेव्हा अंगावर काटा आला राव. आमचे मित्रसाहेब म्हणतात कसे, "मस्त, आता याच्यावर काहीतरी वाजव." डोकंच फिरलं माझं!

अरे, हे डब सगळं सुरूच काढून टाकण्यापासून झालं ना. जमैकात किंग्स्टनला किंग टबी, मूळचा रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्त करणारा माणूस, 70 च्या दशकात तयार रेकॉर्डिंगमधून गाणं काढायचा, बास-ड्रम ठेवायचा आणि गायकाचा एखादा तुटका शब्द एकोत सोडून द्यायचा. मिक्सर हेच त्याचं वाद्य. पुढे ब्रिस्टल, व्हिएन्नावाल्यांनी तेच संथ केलं, आणि बर्लिनच्या बेसिक चॅनल या जोडीने 1993 पासून एकाच कॉर्डच्या ठोक्यावर दहा-दहा मिनिटं काढली. कंटाळा येतो म्हणणाऱ्यांनी त्या कॉर्डचा फिल्टर कसा हळूहळू उघडतो ते ऐकलेलंच नसतं.

मूडचं म्हणाल तर लोक याला उदास म्हणतात, मला नाही पटत. पडसाद विरेपर्यंत कान वाट बघत राहतो, एवढंच. लाउंज नावाखाली जे गुळमुळीत विकतात त्यात ही वाट बघणं नसतंच, तिथे प्रत्येक फट भरलेली असते (माझ्या मित्राला तिथे लगेच नोकरी मिळाली असती).

आता हेही खरं की रिकामं ठेवलं की डब झालं असं नाही, या नावावर आळशीपणाही भरपूर खपतो. आणि फोनच्या स्पीकरवर ऐकत असाल तर तुम्हाला रिकामं वाटणारच, कारण खालचा बास त्यात वाजतच नाही, अर्धा ट्रॅक तिथेच गेला. बरे हेडफोन लावा, ब्रिस्टलच्या मॅसिव्ह अटॅक या बँडचा 1994 चा 'प्रोटेक्शन' अल्बम ऐका आणि मग मॅड प्रोफेसर या डब निर्मात्याने त्याचंच 1995 मध्ये केलेलं 'नो प्रोटेक्शन'. याच क्रमाने ऐका, नाहीतर काय काय काढून टाकलंय ते कळायचं नाही.