हाडं जिवंत असतात का, की तो नुसता कॅल्शियमचा सांगाडा असतो?

हो, हाडं जिवंत असतात. त्यांना रक्तपुरवठा असतो आणि वरच्या पातळ आवरणात मज्जातंतू असतात, म्हणूनच फ्रॅक्चर इतकं दुखतं. हाडात दोन गोष्टी एकमेकींत गुंफलेल्या असतात: कॅल्शियम-फॉस्फेटचं खनिज आणि कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे धागे. कोंबडीचं स्वच्छ केलेलं हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. खनिज विरघळतं आणि हाड रबरासारखं वाकायला लागतं. मागे उरतं ते कोलॅजेन. शाळेत हा प्रयोग जरूर करून दाखवावा, पुस्तकातल्या आकृतीपेक्षा त्यातून जास्त कळतं.

या चौकटीत पेशी सतत काम करत असतात. ऑस्टिओक्लास्ट जुनं हाड झिजवतात, ऑस्टिओब्लास्ट नवं घालतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दरवर्षी असा बदलला जातो. मोडलेलं हाड जुळतं तेही या पेशींमुळेच. शिवाय रक्तातलं कॅल्शियम कमी पडलं तर ते हाडांतूनच काढलं जातं, आणि कंबर, छाती, मणके यांच्या हाडांतल्या लाल मज्जेत रक्तपेशी तयार होतात.

मात्र हा समतोल कायम राहत नाही. हाडांवर भार पडला नाही तर झीज वाढते. अंतराळवीरांच्या भार पेलणाऱ्या हाडांची घनता व्यायाम न केल्यास महिन्याला 1 ते 1.5 टक्के घटते. स्त्रियांमध्ये पाळी थांबल्यावरही झिजण्याचा वेग भरण्याच्या वेगापेक्षा जास्त होतो.