“मॅडम, याचे मिनरल्स बिघडलेत”

गेल्या दोनेक वर्षांत हे वाक्य मी माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या इतक्या आयांच्या तोंडून ऐकलंय की आज त्यावर लिहायलाच बसले. आई खुर्चीत टेकते आणि पर्समधून रिपोर्ट काढते. मुलाच्या केसांची बट कापून कुठल्याशा लॅबला पाठवलेली असते. कागदावर रंगीत पट्ट्या असतात: तांबं जास्त, जस्त कमी, मॅग्नेशियम ‘असंतुलित’. आणि म्हणून मूल चिडतं, मारतं, अभ्यासाला बसत नाही. सोबत पावडरी आणि गोळ्यांची यादी.

निनादची आई अशीच आली होती. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.) मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. शाळेतून आला की दप्तर भिरकावणार, ताट ढकलणार, मध्येच आजीच्या अंगावर धावून जाणार. वडील पुण्याला नोकरीला, शनिवारी साताऱ्याला यायचे, रविवारी संध्याकाळी परत.

“आधी असा नव्हता हो,” ती म्हणाली. “रिपोर्ट आला आणि इतकं हायसं वाटलं मला.”

केसांच्या तपासणीबद्दल मला काय वाटतं ते सांगायला मी तोंड उघडलंच होतं. पण ‘हायसं’ हा शब्द मनात अडकला. मी विचारलं, “हायसं का वाटलं?”

ती बराच वेळ ओढणीचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, “सासूबाई म्हणतात नोकरीपायी दुर्लक्ष केलंस, हे म्हणतात लाडावून ठेवलंस. या कागदावर पहिल्यांदा लिहिलंय की माझी चूक नाही.”

एकवीस वर्षं हे काम करतेय, तरी त्या दिवशी मला एक गोष्ट नव्यानं उमगली. आया हा रिपोर्ट औषधासाठी आणत नाहीत, सुटकेसाठी आणतात. म्हणून कागद खोटा ठरवण्याआधी ती सुटका तिला द्यावी लागते. मी सांगितलं, “चूक तुमची नाहीच. कागद नसता तरी नव्हती.” तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि आमचं खरं बोलणं तिथून सुरू झालं.

मग मी कागदाबद्दलही बोलले, कारण ते टाळणं अप्रामाणिकपणाचं ठरलं असतं. शिसं, पारा, आर्सेनिक अशा विषारी धातूंशी संपर्क आला का, हे शोधताना केसांचा काही उपयोग होतो. पण मुलाच्या रागाचं कारण त्यात सापडत नाही. केसावर शॅम्पू, तेल, बोअरचं पाणी, धूळ, सगळं चिकटतं. अमेरिकेत 2001 साली एकाच व्यक्तीचे केस सहा लॅबना पाठवले होते; कित्येक खनिजांचे आकडे लॅबगणिक दहापटीहून जास्त वेगळे आले. 1985 मध्ये दोन निरोगी मुलींचे केस 13 लॅबना पाठवले, तेव्हाही असाच गोंधळ झाला होता. अशा आकड्यांवर बेतलेल्या पावडरी मुलाला देऊ नका. जस्त बरेच दिवस जास्त प्रमाणात दिलं तर शरीरातलं तांबं कमी होतं, म्हणजे नसलेला आजार आपणच लावून घ्यायचा.

“म्हणजे शरीरात काहीच नाही?” तिनं विचारलं. हो-नाही सांगण्याआधी मला निनादला भेटायचं होतं.

तो आला, चित्र काढायला बसला. त्याच्या खालच्या ओठाच्या कडेला पांढरी पूड होती. खिशातून पाटीवरच्या पेन्सिलीचे तीन तुकडे निघाले, एकावर दातांच्या खुणा. आजीनं पाढे गिरवायला पाटी आणली होती. पेन्सिली मात्र पटापट संपत होत्या. “छान लागते,” तो म्हणाला. सकाळी काय खातोस? “चहा-चपाती.” डबा? अर्धा परत. दुपारी आजीबरोबर पुन्हा चहा.

माती, खडू, पेन्सिल खाणारं मूल दिसलं की मी आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवते. असं खाणं हे बरेचदा शरीरात लोह कमी असल्याचं लक्षण असतं, आणि लोह कमी असलं की मूल थकतं, किरकिरं होतं, लक्ष लागत नाही. आपल्याकडे हे दुर्मीळ मुळीच नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी 68.9 टक्के मुलांमध्ये रक्तक्षय (ज्याचं एक मोठं कारण लोहाची कमतरता) आढळला होता. निनादचं हिमोग्लोबिन 10.6 निघालं (या वयाला किमान 11.5 हवं) आणि फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, 8, तो 15 च्या खाली गेला की कमी धरतात. डॉक्टरांनी लोहाचं औषध आणि जंताची गोळी दिली. चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, म्हणून जेवणाच्या आगेमागे चहा बंद झाला; लिंबू ते अंगी लागायला मदत करतं, म्हणून उसळीवर लिंबू आलं.

दोन गोष्टी इथेच सांगते. ताप-सर्दीत फेरिटिन फसवं वाढतं, म्हणून चाचणी कधी करायची ते डॉक्टरांना ठरवू द्या. आणि लोहाचं औषध अंदाजानं सुरू करू नका, मुलाच्या हाताला लागेल असं ठेवू तर अजिबात नका. जास्त पोटात गेलं तर ते जिवावर बेततं.

त्याच वेळी मी आईला एक वही घालायला सांगितली होती. राग कधी आला, आधी काय घडलं, एवढंच. सल्ला नाही, कारण नाही. माझा भर नेहमी यावर असतो, कारण मूल एकटं कधीच चिडत नाही, त्याच्यासोबत घर चिडत असतं. सहा आठवड्यांनी वही उघडली. रोजची पाचची आदळआपट पानागणिक विरळ होत गेली होती. पेन्सिलीही सुटल्या होत्या. रविवार मात्र जसाच्या तसा होता. रात्री आठ, साडेआठ, आठ. प्रत्येक रविवारी.

आईनं त्या नोंदींवरून बोट फिरवलं आणि थांबली. “हे सातच्या एसटीनं जातात,” ती हळूच म्हणाली. “निनादला कार्टून लावून देतो आम्ही. रडू नये म्हणून गुपचूप निघतात.”

मी गप्प राहिले. ते तिनं स्वतः पाहणं गरजेचं होतं.

पुढच्या वेळी वडीलही आले. मी एकच सांगितलं: सांगून जा. पोराला स्टँडवर घेऊन जा, बॅग धरू दे, पुन्हा कधी येणार तो वार त्याला सांगा.

तीन आठवड्यांनी आईचा फोन आला. “मॅडम, आता काही फेकत नाही. पण स्टँडवरून येताना माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडतो. हे चालेल ना?”

“चालेल,” मी म्हटलं. “रडू दे त्याला.”