दोन पर्यायांवर गाडी अडते, तेव्हा

“मॅडम, अभ्यास झालाय बघा. पण चारातले दोन पर्याय खोडले, की उरलेल्या दोनांत काही सुचतच नाही. मग मी तो प्रश्न सोडूनच देते.” सांगलीत बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली, तासगावकडची मुलगी. तिला एम्सची नॉरसेट, म्हणजे नर्सिंग ऑफिसर भरतीची परीक्षा, द्यायची होती. ही तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक मुलींना वाटतं, आपला अभ्यासच कच्चा.

तिला सोडवलेला सराव पेपर आणायला सांगितला. चुकलेल्या आणि सोडलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे पेन्सिलीने कारण लिहायचं: माहीत नव्हतं, घाईत वाचलं, उत्तर बदललं, की भीतीने सोडलं. ‘माहीत नव्हतं’ सगळ्यात कमी निघालं. भीतीने सोडलेले प्रश्न मात्र 24.

नॉरसेटच्या पूर्वपरीक्षेत 100 प्रश्नांना 90 मिनिटं असतात आणि चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापला जातो. या कापण्याचीच धास्ती असते. पण हिशेब मांडून बघा. दोन पर्याय खात्रीने खोडलेले असे 6 प्रश्न सोडवले, तर सरासरी 3 बरोबर येतील, 3 चुकतील. 3 गुण मिळाले, 1 गेला, 2 हाती राहिले. म्हणजे 24 प्रश्नांवर तिने साधारण 8 गुण सोडले होते. चारही पर्याय सारखेच अनोळखी असतील, तर सरासरीने ना फायदा ना तोटा. तो प्रश्न खुशाल सोडावा.

आता दोनातला एक निवडायचा कसा? तिच्याच पेपरातला प्रश्न घेतला. रक्त चढवायला लागून दहा मिनिटं झालीत, रुग्णाला हुडहुडी भरलीय, कंबर दुखतेय. नर्सने सर्वप्रथम काय करावं? तिच्याकडे उरलं होतं ‘रक्त थांबवणे’ आणि ‘डॉक्टरांना कळवणे’. तिचा कल दुसऱ्याकडे होता, कारण वॉर्डात विद्यार्थिनीला पहिली शिकवण असते, आधी सिस्टरना सांग. ती शिकवण योग्यच आहे. पण प्रश्न नोंदणीकृत नर्सला विचारलेला असतो. इथे स्वतःला विचारावं: यातली एकच गोष्ट करता आली, तर रुग्णाचं नुकसान कशाने थांबेल? डॉक्टर येईपर्यंत ते रक्त आत जातच राहणार. म्हणून आधी रक्त बंद, मग नवीन सेटने, म्हणजे नव्या नळीने, नॉर्मल सलाईन लावून शीर चालू ठेवायची, मग डॉक्टर. पिशवी आणि सेट फेकायचे नाहीत, रक्तपेढीकडे परत पाठवायचे.

घाईत वाचण्यावर उपाय साधा आहे. पर्याय बघण्याआधी ‘सर्वप्रथम’, ‘वगळता’, ‘अयोग्य’ असे शब्द मनात मोठ्याने म्हणायचे. उत्तर बदलायचं ते असा शब्द नजरेतून सुटला होता किंवा ठोस काही आठवलं तरच. नुसत्या धाकधुकीवर नाही. मात्र ‘पहिलं मनात आलेलंच बरोबर’ हा समजही सोडावा, सकारण बदललेलं उत्तर बहुधा सुधारतंच.

सलाईनच्या गणितात तिची चूक वेगळी होती. 500 मिली 4 तासांत, सेट 15 थेंबांचा, म्हणजे 1 मिलीला 15 थेंब. मिनिटाला किती थेंब? तिने 500 ला 15 ने गुणून 4 ने भागलं आणि उत्तर आलं 1875. मिनिटाला एवढे थेंब पडणं शक्यच नाही. तासांची मिनिटं करा: 7500 भागिले 240, म्हणजे 31 थेंब. रोज अशी पाच गणितं, कॅल्क्युलेटरशिवाय, एकेक मिनिटात. आणि उत्तर लिहिण्याआधी तो वेग डोळ्यांसमोर आणायचा.