कॅलिफोर्नियातला टेन्यूर: खरी गोम १५ मार्चात

तुम्ही लिहिलंत की मुलीच्या बाई वर्गात काही शिकवत नाहीत आणि प्रिन्सिपल म्हणतात, "त्या टेन्यूर्ड (म्हणजे नोकरीत कायम) आहेत, मी काय करू?" तुमचा संताप समजतो, पण त्यांनी तुम्हाला अर्धंच सांगितलंय. टेन्यूर असलेल्या शिक्षकालाही काढता येतं. लेखी कारणं द्यावी लागतात आणि शिक्षकाने मागितली तर सुनावणी होते, इतकंच. पूर्वी ती वर्षानुवर्षं रेंगाळायची, वकिलांवर पैसा ओतावा लागायचा, म्हणून शाळा चालवणारे डिस्ट्रिक्टवाले त्या फंदातच पडत नसत. २०१४च्या एबी २१५ कायद्याने ती सात महिन्यांत उरकायची मुदत घातली.

माझ्या मते दुखणं शिक्षकाला काढण्यात नाही, कायम करण्यात आहे. इथे दोन वर्षांत कायम करतात म्हणे. पण ठेवायचं नसेल तर दुसऱ्या वर्षीच्या १५ मार्चपर्यंत कळवावं लागतं, नाहीतर शिक्षक आपोआप कायम. म्हणजे पारखायला जेमतेम पावणेदोन शालेय वर्षं, आणि त्यातलं पहिलं तर वर्ग ताब्यात ठेवायला शिकण्यातच जातं. न्यू जर्सीने २०१२मध्ये हाच काळ तीनाचा चार वर्षं केला. (आपल्याकडे १९७७च्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्यातही परिवीक्षा दोनच वर्षांची होती, तेव्हा कॅलिफोर्नियाला हसण्यात अर्थ नाही.)

या टेन्यूरच्या नियमांविरुद्धच्या वेर्गारा खटल्याचंही तुम्ही विचारलंत. नऊ विद्यार्थ्यांच्या नावे २०१२ साली दाखल झाला, पाठबळ सिलिकॉन व्हॅलीतले उद्योजक डेव्हिड वेल्श यांचं. जून २०१४मध्ये न्यायाधीश रॉल्फ ट्रू यांनी टेन्यूर, बडतर्फी आणि 'शेवटी आला तो आधी गेला' ही नोकरकपातीची पद्धत, सगळ्याची मिळून पाच कलमं घटनाबाह्य ठरवली. एप्रिल २०१६मध्ये अपील कोर्टाने ते एकमताने फिरवलं: कुठल्या शाळेत कोणता शिक्षक जाणार हे ही कलमं ठरवत नाहीत, प्रशासन ठरवतं. ऑगस्टमध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध ३ मतांनी प्रकरण ऐकायलाच नकार दिला. मला अपील कोर्टाचं पटतं. नकोसा शिक्षक या शाळेतून त्या शाळेत ढकलला जातो आणि जिथले पालक आवाज करत नाहीत तिथे मुक्कामाला राहतो. सुनावणीचा हक्कच काढून घेतला, तर बजेट आवळलं की पहिला नंबर जास्त पगाराच्या जुन्या, चांगल्या शिक्षकांचा लागेल. शाळांच्या बोर्डावरच्या मेंबरच्या मुलाला नापास करणाऱ्याचं काय होईल ते तुम्हीच बघा.

आता तुमचं काम. तोंडी बोलणं बंद करा, ईमेल लिहा: तारखा, न तपासलेल्या वह्या, मुलीला नेमकं काय येत नाही. कायम शिक्षकाचं मूल्यमापन साधारण दोन वर्षांतून एकदा होतं, दहा वर्षांवर सेवा असेल तर उभयपक्षी संमतीने पाच वर्षांनीही. तो अहवाल तुम्हाला दाखवणार नाहीत, पण पुढचं मूल्यमापन कधी आहे एवढं विचारायला हरकत नाही. दाद लागली नाही तर डिस्ट्रिक्टकडे कर्मचाऱ्याविरुद्ध लेखी तक्रार करता येते. आणि वर्ग बदलून आजच मागा, कारण यातलं काहीही या वर्षात संपणार नाही. चार्टर शाळेचा (सरकारी पैशावर पण बऱ्याच स्वतंत्रपणे चालणाऱ्या शाळेचा) विचार असेल तर तिथे टेन्यूरचे हे नियम बहुतेक लागू नाहीत. मात्र आधी चौकशी करा की दरवर्षी किती शिक्षक सोडून जातात.