पाचर नेमकी कुठे मारायची?

एका वाचकाचे दोन प्रश्न आहेत. ‘पाचर मारणे’ म्हणजे चालत्या कामात अडथळा आणणे; पण सुतार तर दांडा घट्ट बसावा म्हणून पाचर मारतो, मग अर्थ उलटा कसा झाला? आणि ‘दोनदा मापा, एकदा कापा’ ही उसनी म्हण सोडली, तर लाकूडकामातलं मिश्कील शहाणपण मराठीत आहे की नाही?

आधी पाचर. ती ओंडक्यात ठोकली की ओंडका फुटतो. दांड्याच्या टोकाला खाच पाडून त्यात ठोकली की लाकूड फुगतं आणि कुऱ्हाडीच्या नेढ्यात आवळून बसतं. तिसरा उपयोग करवत चालवणाऱ्यालाच ठाऊक असतो. लाकडात आतून ताण असतो. लांब फळी चिरत गेलं की मागे राहिलेल्या दोन्ही बाजू कधी कधी एकमेकींकडे झुकतात आणि करवत चिमटून बसते. म्हणून मागच्या कापात पाचर अडकवून ठेवतात, काप उघडा राहतो. नसती उठाठेव करून अशी पाचर उपसणाऱ्या आणि शेपूट अडकवून घेणाऱ्या माकडाची गोष्ट लहानपणी ऐकली असेलच. ती गोष्ट रचणाऱ्याने लाकूड चिरताना नीट पाहिलं होतं, हे नक्की.

म्हणजे पाचर फोडते, आवळते आणि वाटही मोकळी ठेवते. अडथळ्याचा अर्थ माझ्या मते यांपैकी कशातूनच आलेला नाही. दाराच्या फटीत किंवा चाकाखाली पाचर सारली की हलती वस्तू जागच्या जागी थांबते; बैठकीत पाचर मारणारा हेच करतो. ‘मैत्रीत पाचर मारली’ म्हणताना मात्र ओंडका फोडणारीच डोळ्यांपुढे असते. बिचाऱ्या आवळणाऱ्या पाचरीच्या वाट्याला वाक्प्रचार आला नाही. मेखेचंही तेच: तंबू धरून ठेवते ती मेख, पण ‘खरी मेख इथेच आहे’ म्हटलं की ऐकणारा सावध होतो.

दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर ‘आहे, आणि भरपूर आहे’ असं आहे. फक्त ते म्हणींपेक्षा क्रियापदांत जास्त मुरलंय. साहेब एखाद्याला तासतात, कुणी पुरावा नसताना काहीबाही ठोकून देतो, कुणाच्या डोक्यात भुसा भरलेला असतो. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही तर झाडांच्या तोंडची तक्रार. त्यात भर घालायची तर तो दांडा जागेवर धरून ठेवणारी पाचरही बहुतेक वेळा लाकडाचीच असते.

‘दोनदा मापा, एकदा कापा’ मला उसनी असूनही आवडते. मापा-कापा हे यमक आपल्याला फुकटात मिळालंय, त्यामुळे तिथे ‘मोजा’ घालू नये. रशियन माणूस सात वेळा मापायला सांगतो. आपल्याकडची तिची चुलत बहीण म्हणजे ‘खुंटा हलवून बळकट करणे’. पण त्यात खुंटा आधी रोवलेला असतो, खात्री नंतर करायची. कापलेल्या फळीला ती सवलत नाही. म्हणूनच ‘तीनदा कापली, तरी आखूडच!’ हा विनोद कारागिरांत जगभर चालतो. शिवाय माप बरोबर असूनही फळी आखूड होते, कारण करवत रेघेच्या कुठल्या बाजूने न्यायची हे ठरवलेलं नसतं. गोल पात्याच्या यंत्राचा काप साधारण 3 मिलिमीटर रुंद असतो. तेवढा भुसा होऊन जातो, आणि तो आपल्या बाजूचा गेला की सांध्यात फट दिसते.

कातारी, म्हणजे कातयंत्रावर लाकूड फिरवून घडवणारे; त्यांची थट्टा याहून कोरडी. वाडगं आतून कोरता कोरता तळ पार झाला, तर ‘नरसाळं केलं’ म्हणायचं. हत्याराला धार न लावता खरखरीत, साठ नंबरच्या पॉलिश पेपरनेच आकार देत बसणाऱ्याकडे ‘साठ नंबरची पटाशी’ असते. ‘पॉलिश पेपर असा वापर, जणू पैसे दुसऱ्याचे आहेत’ हा सल्ला मात्र थट्टेच्या सुरात असला तरी खरा आहे. झिजलेला कागद लाकूड कापत नाही, नुसता घासून तापवतो, आणि तापलेल्या लाकडावर बारीक भेगा पडतात. हे तिन्ही बाहेरून आलेले विनोद आहेत, पण मराठीत सांगताना कुठे अडत नाहीत. ‘नरसाळं केलं’ तर कातयंत्राबाहेरही खुशाल वापरावं.