वेळापत्रक चौथ्या दिवशी मोडतं, कारण त्यात चर्चचे तास लिहिलेलेच नसतात

सलाम. तुझा प्रश्न थोडक्यात असा: दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता पीयूसी दुसरं वर्ष (म्हणजे कर्नाटकातली बारावी) सायन्स, खानापूर तालुक्यातून रोज बेळगावला ये-जा. संडे स्कूल शिकवतोस, क्वायरमध्ये, म्हणजे चर्चच्या गाणाऱ्या गटात, आहेस. रोज आठ तास अभ्यासाचं वेळापत्रक करतोस आणि ते चार दिवसांत मोडतं. शिवाय घरात कोणीतरी म्हणतं, विश्वास असेल तर एवढं नियोजन कशाला?

शेवटचं आधी संपवतो. बायबलमधल्या लूक 14:28 मध्ये बुरूज बांधायच्या आधी बसून खर्च मोजणाऱ्या माणसाची गोष्ट खुद्द येशूनेच सांगितली आहे. याकोब 4:13-15 नियोजनाला नाही म्हणत नाही; ‘प्रभूची इच्छा असेल तर’ हे विसरून केलेल्या बढाईला नाही म्हणतं. तेव्हा पेन्सिलीने लिही, पण लिही.

आता खर्च मोजू. आठवड्याचे तास 168. झोप सात तासांप्रमाणे 49. कॉलेज सहा दिवस, सहा तासांप्रमाणे 36. प्रवास, स्टँडवर उभं राहणं धरून, रोज अडीच तास म्हणजे 15. आंघोळ, जेवण, घरची कामं रोज तीन तास, 21. इथपर्यंत सगळेच लिहितात. पुढचं कोणी लिहीत नाही: रविवारची उपासना आणि नंतरच्या भेटीगाठी अडीच तास, संडे स्कूलचा वर्ग एक, त्याची तयारी अर्धा, क्वायरची प्रॅक्टिस दोन, आठवड्यातली प्रार्थनासभा दीड, रोजचं वाचन-प्रार्थना अर्ध्या तासाप्रमाणे साडेतीन. झाले 11. एकूण 132, उरले 36.

या 36 मधले साडेनऊ एकट्या रविवारचे आहेत. ते बाजूला ठेव, कारण खाली सांगतो. उरलेल्या साडेसव्वीसमधला पाव हिस्सा पाहुणे, लाइट जाणं, डोकेदुखी आणि मोबाइल खातात. हातात राहतात वीस. आठवड्याला वीस, दिवसाला आठ नव्हे. तू 48 तासांचं वेळापत्रक 20 तासांत कोंबतोस, म्हणून ते चौथ्या दिवशी फुटतं. यात आळसाचा किंवा विश्वास कमी असल्याचा काही संबंध नाही. माझे आकडे तुला तंतोतंत लागू होणार नाहीत. आधी एक आठवडा काहीही न बदलता, दर रात्री पाच मिनिटं, दिवस कुठे गेला ते लिही. मग स्वतःची बेरीज कर.

वीस तास कमी वाटतात, पण काम बघ. सध्याच्या एनसीईआरटी पुस्तकांत दुसऱ्या वर्षाला भौतिकशास्त्राचे 14, रसायनशास्त्राचे 10 आणि गणिताचे 13 धडे आहेत, म्हणजे 37. आठवड्याला दीड धडा धरला तर 25 आठवडे. जूनच्या शेवटी सुरुवात केलीस तर नाताळच्या आधी संपतं. वाटणी अशी कर: गणित 7, भौतिक 6, रसायन 4, दोन्ही भाषा मिळून 1, आणि शनिवारी 2 तास कोरे. हे कोरे तास फार महत्त्वाचे. बुधवारी बस उशिरा आली म्हणून राहिलेली उदाहरणं शनिवारी जातात, रविवारी नाही. कोरा वेळ नसलेल्या वेळापत्रकात एक चुकलेला तास सगळ्या आठवड्याला धक्का देतो.

मराठी माध्यमातून आलेल्यांना इंग्रजी पुस्तकाचा नवा धडा पहिल्या वाचनात बराच जास्त वेळ घेतो. विषय अवघड नसतो, शब्द अडवतात. धडा सुरू करण्याआधी त्यातले दहा-बारा शब्द वहीच्या उजव्या पानावर मराठी अर्थासह लिहून काढ. पहिले दोन महिने आठवड्याला दीडऐवजी एकच धडा धर आणि सप्टेंबरनंतर वेग वाढव. सुरुवातीपासून इंग्रजी माध्यमातल्या मित्राच्या वेगाने धावायला गेलास तर तिसऱ्या धड्यापासून नुसतं पाठांतर सुरू होतं, आणि ते कर्नाटकच्या सीईटीला (प्रवेश परीक्षेला) उपयोगी पडत नाही. तिथे एका विषयाला 60 प्रश्न आणि 80 मिनिटं असतात. आठवायला बसलं की वेळ गेला.

ध्येय लिहिताना ‘95 टक्के’ असं लिहू नकोस. तो निकाल आहे. पेपर कसा निघेल, कोण तपासेल, हे तुझ्या हातात नाही. ‘या आठवड्यात विद्युतधारेच्या धड्यातली 12 उदाहरणं उत्तर न बघता, त्यातली निदान 9 बरोबर’ हे ध्येय झालं. शनिवारी त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर देता येतं. विषयाला एकच, म्हणजे आठवड्याला तीन ध्येयं. सलग तीन आठवडे नाही आलं तर ध्येय मोठं आहे. ते अर्धं कर, झोप कापू नकोस.

बायबल वाचनाचंही हेच. संपूर्ण बायबल (प्रॉटेस्टंट आवृत्ती) 1189 अध्याय. वर्षात संपवायचं तर रोज तीन, रविवारी पाच. उत्साहात एक जानेवारीला सुरू करतात. पहिली दोन पुस्तकं, उत्पत्ती 50 आणि निर्गम 40 अध्याय, म्हणजे महिनाअखेर तिसरं, लेवीय, समोर येतं, आणि नेमकी तेव्हाच पूर्वतयारी परीक्षा चालू असते. तिथे गाडी थांबते, मग अपराधीपणाने प्रार्थनाही थांबते. परीक्षेच्या वर्षी नवा करार घे: 260 अध्याय, आठवड्याला पाच दिवस रोज एक, बरोबर 52 आठवडे. दोन दिवस मागे पडलास तर शनिवार-रविवार आहेतच. वाचन छापील बायबलमधून कर. मोबाइलवरच्या बायबलपर्यंत पोचायच्या आधी चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवरचे चाळीस ‘शुभ सकाळ’ लागतात, हे तुला माहीतच आहे.

रविवारचे साडेनऊ तास मोकळे का? दहा आज्ञांमध्ये शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, पाळण्याची आज्ञा आहे, आणि दुसरं कारण अगदी व्यवहाराचं: ज्याचा रविवार राखीव साठा असतो, तो बुधवारी ढिलाई करतो. दुपारी झोप, घरच्यांबरोबर बस. संध्याकाळी वीस मिनिटं पुढचा आठवडा लिही, बस. सोमवारी परीक्षाच असेल तर उपासनेहून आल्यावर खुशाल अभ्यास कर. विहिरीत पडलेला बैल शब्बाथ दिवशीही लोक बाहेर काढतातच, लूक 14:5 बघ. पण दर रविवारी बैल विहिरीत पडत असेल तर सोमवार ते शनिवार काय चाललंय ते तपास.

आता खरी अडचण, ती म्हणजे ‘नाही’ म्हणणं. आपल्याकडे मंडळी लहान, तरुण हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे, त्यामुळे ज्याला गाता येतं त्याच्याच गळ्यात शिकवणंही पडतं. 2026 मध्ये आगमनकाळाचा (नाताळाआधीच्या तयारीच्या काळाचा) पहिला रविवार 29 नोव्हेंबरला आहे. तिथून नाताळपर्यंत कॅरोल, नाटकाची तालीम, सजावट. रात्री अकराला घरी आलास की दुसऱ्या दिवशीची पहाट गेली, म्हणजे एका रात्रीचे दोन अभ्यासाचे तुकडे जातात. यावर उपाय डिसेंबरात नाही, ऑक्टोबरात करायचा. दसऱ्याच्या सुट्टीत पाळकांना (पाद्रींना), क्वायर लीडरला भेट आणि आकड्यांत सांग: ‘कॅरोलला तीन रात्री येतो, या या तारखांना, दहापर्यंत. नाटकात नाही. जानेवारी ते मार्च संडे स्कूलला दुसरं कोणी हवं, ऑक्टोबरपासून मी त्यांना सोबत घेऊन शिकवतो.’ आधी सांगितलेल्या नकाराचा कोणाला राग येत नाही; तालमीच्या दिवशी फोन बंद ठेवणाऱ्याचा येतो, आणि यायलाच हवा. होय तर होय, नाही तर नाही. तुझी वीस तासांची बेरीज पाळकांना दाखव. बहुतेकांनी तो हिशेब कधी पाहिलेलाच नसतो.

रोजची प्रार्थना मात्र कापू नकोस. पण परीक्षेच्या भीतीने ती तासभर लांबवूही नकोस. पुष्कळदा ती पुस्तक न उघडण्याची सभ्य पळवाट असते. अभ्यासाला बसताना दोन मिनिटं पुरतात. ‘पास कर, मग अमुक करीन’ असल्या अटीही नकोत.

2027 मध्ये राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, 10 फेब्रुवारीला आणि ईस्टर 28 मार्चला आहे. पीयूसीची वार्षिक परीक्षा साधारण मार्चमध्येच होते, म्हणजे ती उपवासकाळात येईल. तू कॅथलिक असशील तर राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे यांचा उपवास 18 वर्षं पूर्ण झाल्यावरच बंधनकारक होतो. 14 पूर्ण झाल्यापासून मांस वर्ज्य करायचं असतं. तेव्हा सतरा वर्षांच्या मुलाने पेपरच्या दिवशी उपाशी जाण्याचं कारण नाही. बाकीच्या मंडळ्यांत हा ज्याचा त्याचा निर्णय असतो. तिथेही जेवणाऐवजी रील्स सोड. अभ्यासालाही त्याचाच जास्त फायदा.

आता बसचा प्रवास. उभ्याने गणित होत नाही, तो वेळ अभ्यासात धरू नकोस. खिशात मावतील अशा चिठ्ठ्यांवर सूत्रं, व्याख्या, त्या उजव्या पानावरचे शब्द, एवढंच. जागा मिळाली नाही तर खिडकीबाहेर बघ, काही बिघडत नाही. पावसाळ्यात जून ते ऑगस्ट तुमच्या बाजूला बस चुकणार हे गृहीत धर, आणि ‘बस आली नाही’ असं शीर्षक देऊन एक पान आधीच लिहून ठेव: घरी राहिलो तर कोणता धडा, कोणती उदाहरणं. त्या दिवशी ठरवायला बसलास की दुपार होते. आणि पुस्तकं सगळी कॉलेजच्या बॅगेत भिजवत नेऊ नकोस, त्या दिवशी लागणारीच ने.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी कोऱ्या दोन तासांतला अर्धा तास काढून वही चाळ. बघायचं एवढंच: वीसपैकी किती तास प्रत्यक्ष झाले, किती धडे मागे आहेत, आणि चर्चचे 11 तास 15 तर झाले नाहीत ना. चौदाच तास होत असतील तर पुढचा महिना चौदाचाच लिही आणि धडे त्याप्रमाणे निवड. रसायनशास्त्रात ज्या धड्यांना जास्त गुण आहेत ते आधी, ते प्रश्नपत्रिकेच्या आराखड्यात दिलेलं असतं, सरांकडून मागून घे.

पहिल्या आठवड्याची नोंद झाली की बेरीज इथेच टाक. बसच्या वेळाही लिही, पहाटेचा तुकडा किती मोठा ठेवायचा ते त्यावरून ठरवू.